अँटिबायोटिकशिवाय ब्रॉयलर: मुरबाड-शहापूर पट्ट्यातल्या पहिल्या ५०० पक्ष्यांसाठी

पोल्ट्रीच्या औषधाच्या दुकानात नवा माणूस शिरला की बहुतेक वेळा त्याच्या हातात एक ठरलेली यादी पडते. पहिले पाच दिवस अँटिबायोटिक, लसीनंतर पुन्हा तीन दिवस, आणि पंचविसाव्या दिवसाच्या आसपास ‘सीआरडीचा डोस’ (सीआरडी म्हणजे कोंबड्यांचा श्वासाचा जुनाट आजार). हल्ली त्याच काउंटरवर दुसरी यादीही मिळते: प्रोबायोटिक (चांगले जिवाणू), अॅसिडिफायर (आम्लाचं मिश्रण), हर्बल, लिव्हर टॉनिक. बाटल्या बदलल्या, पण सवय तीच राहिली. अँटिबायोटिक सोडायचं म्हणून दुसरी यादी घेऊन घरी येणाऱ्याचा लॉट बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बसतो आणि मग ‘हे आपल्याकडे चालत नाही’ असं गावभर होतं.

चालत का नाही, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत क्लोरटेट्रासायक्लिनचा अंश खाद्यात गेला की पिल्लं लवकर वाढतात हे लक्षात आलं आणि तिथून खाद्यातल्या अँटिबायोटिकची चाल पडली. पुढे हेही दिसलं की नव्या, स्वच्छ शेडमध्ये हा फायदा फारसा मिळत नाही; जुन्या, कोंदट शेडमध्ये भरपूर मिळतो. म्हणजे त्या चिमूटभर पावडरीने शेडचे दोष झाकले जात होते. पावडर काढली की ओलं तूस, गढूळ पाणी, थंडीत कुडकुडलेलं पिल्लू असे सगळे दोष एकदम उघड्यावर येतात. म्हणून या लेखात आधी तूस, पाणी, पिल्लू आहे. बाटल्यांचा नंबर बराच उशिरा लागेल.

कायद्याचीही बाजू आहे. युरोपीय संघाने वाढीसाठी दिली जाणारी अँटिबायोटिक्स १ जानेवारी २००६ पासून बंद केली. भारतात जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध जनावरं, कोंबड्या आणि त्यांच्या खाद्यासाठी बंद झालं, कारण माणसांच्या अतिदक्षता विभागात बाकी काही लागू पडत नाही तेव्हा डॉक्टर जे शेवटचं औषध काढतात त्यांत ते आहे. अशा नावाची जुनी पाकिटं कुणी ‘स्टॉक आहे’ म्हणून देऊ केली तर घेऊ नका.

आधी एक गोष्ट ठरवा

कंपनीच्या कंत्राटावर पक्षी वाढवणार असाल तर पिल्लू, खाद्य, औषध सगळं कंपनीचं असतं. त्या खाद्यात काय आहे हे तुमच्या हातात नाही. तूस, पाणी आणि पडदे एवढंच आहे. स्वतःचा लॉट असेल तर खाद्याच्या दुकानदाराला सरळ विचारा, ‘यात बीएमडी, सीटीसी, लिंकोमायसिन, एनरामायसिन, टायलोसिन यांतलं कुठलं अँटिबायोटिक आहे का?’ पोत्याच्या लेबलवर असेल तर ठीक, नसेल तर लिहून मागा. ‘सगळं नॅचरल आहे’ हे उत्तर नव्हे.

कोक्सिडिओस्टॅटचाही निर्णय आत्ताच घ्यावा लागतो. सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन ही औषधं रक्ती हगवण रोखण्यासाठी जवळजवळ सगळ्या ब्रॉयलर खाद्यात असतात. युरोपात त्यांना अँटिबायोटिकमध्ये धरत नाहीत, अमेरिकेत धरतात. नवख्याने पहिल्या दोन-तीन लॉटमध्ये ती ठेवावीत असं आमचं स्पष्ट मत आहे. एकाच वेळी सगळे आधार काढले तर नेमकं कशामुळे बिघडलं हे कळतच नाही. फक्त दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा: ही औषधं खाद्यात असताना टियाम्युलिन द्यायचं नाही (दोन्ही एकत्र आली की पक्षी लुळे पडून मरतात) आणि हे खाद्य घोड्याच्या तोंडी लागू द्यायचं नाही.

लॉट कधी टाकायचा

गटारीला भाव मिळतो, म्हणून जूनच्या मध्यावर पिल्लं टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. अँटिबायोटिकशिवायचा पहिला लॉट तेव्हा टाकू नका. ठाणे जिल्ह्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की तूस वाळतच नाही. ज्यांचे हात वर्षानुवर्षं बसलेत त्यांनाही तेव्हा घाम फुटतो. वर गटारी संपली की श्रावणात भाव पडतो, आणि आठवडाभर मागे पडलेला लॉट नेमका त्यातच सापडतो.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यावर सुरुवात करा. हवा कोरडी असते, तूस कोरडं राहतं. मुरबाडकडच्या रात्री मात्र चांगल्याच गार होतात, त्याची सोय ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देण्याच्या जागेत) करावी लागते आणि ती करता येण्यासारखी आहे. पावसाळी हवा कोरडी करता येत नाही.

शेड आणि तूस

एका पक्ष्याला एक चौरस फूट हा नेहमीचा हिशेब. अँटिबायोटिक नसेल तर सव्वा धरा. ५०० पक्ष्यांना ६२५ चौरस फूट. शेडची लांबी पूर्व-पश्चिम, जोतं जमिनीपासून दीड-दोन फूट वर, छपराचा पुढावा किमान तीन-चार फूट. आपल्याकडचा पाऊस तिरपा येतो, दोन फुटांच्या पुढाव्याने जाळीलगतचं तूस पहिल्याच सरीत भिजतं.

आधीचा लॉट गेला असेल तर क्रम असा: सगळं तूस आणि खत बाहेर, शेडपासून लांब. मग कोरडी झाडलोट; छताची जाळीजळमटं, पंख्याची पाती, बल्बच्या वायरी सगळं. मग साबणाच्या पाण्याने घासून धुणं. मग पूर्ण वाळू देणं. त्यानंतर जंतुनाशक, आणि सगळ्यात शेवटी चुना. घाण तशीच ठेवून वर जंतुनाशक फवारणं म्हणजे पैसे नाल्यात ओतणं, कारण शेणामातीत गेल्यावर बहुतेक जंतुनाशकं निकामी होतात. रक्ती हगवणीच्या कोक्सिडियाची अंडी तर नेहमीच्या जंतुनाशकांना दादच देत नाहीत. ती उष्णतेने मरतात. म्हणून कोबा आणि भिंतीच्या तळाचा फूटभर भाग फ्लेमगनने भाजून काढा. जाळी, वायरी, ताडपत्री आधी बाजूला घ्या आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. त्यानंतर शेड किमान १४ दिवस रिकामी.

तूस भाताचंच घ्या, इथल्या गिरण्यांत ते मुबलक मिळतं. ६२५ चौरस फुटांत तीन इंचाचा थर द्यायला साधारण सव्वाचारशे-साडेचारशे किलो लागतं. गिरणीबाहेर उघड्यावर भिजलेला ढीग स्वस्त पडतो, पण त्यातली बुरशी पिल्लाच्या फुप्फुसात जाते आणि त्यावर कुठलंच औषध चालत नाही. हात घालून बघा. आत गरम, दमट लागलं किंवा कुबट वास आला तर परत फिरा.

लॉट चालू असताना रोज सकाळी एक परीक्षा करायची. शेडच्या चार-पाच ठिकाणचं तूस मुठीत घट्ट दाबायचं आणि मूठ उघडायची. गोळा बनून तसाच राहिला तर ते ओलं आहे, ३० टक्क्यांच्या वर गेलेलं. किंचित चिकटून लगेच फुटलं तर बरोबर, २० ते २५ टक्के. अजिबात न चिकटता धुरळा उडाला तर फारच कोरडं. त्यानेही श्वास बिघडतो.

ओलं सापडलं की दाताळ्याने वरखाली करण्याची घाई करू नका. नवखे हमखास इथे चुकतात. ड्रिंकरखालचा चिखल झालेला भाग घमेल्यात भरून बाहेर काढायचा आणि तिथे कोरडं तूस टाकायचं. चिखल सगळीकडे पसरवला तर कोक्सिडियाच्या अंड्यांना हवा, ऊब आणि ओल तिन्ही मिळतात आणि एक-दोन दिवसांत ती रोग लावण्याजोगी होतात. जे तूस कोरडं आहे पण दाबून बसलंय, ते मात्र एक दिवसाआड जरूर हलवा. ओल का आली ते शोधा: बेल ड्रिंकरची कड पक्ष्याच्या पाठीच्या पातळीत हवी, खाली असेल तर पाणी सांडतंच. निपल (चोचीने दाबलं की पाणी देणारी तोटी) असेल तर पक्ष्याला मान वर ताणून प्यावं लागलं पाहिजे.

चुन्याचं एक सांगायला हवं. ओल्या, जुन्या तुसावर चुना मारला की ओल जरा कमी होते, पण अमोनिया एकदम सुटतो. पक्षी आत असताना चुना मारायचाच असेल तर पातळ भुरभुरवा, पडदे पूर्ण उघडून.

अमोनिया उभ्याने जोखायचा नाही. पक्ष्याच्या उंचीवर बसा आणि मिनिटभर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर तो २५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत २५ भाग) वर गेलाय असं समजा. एवढ्या अमोनियात पक्ष्याच्या श्वासनळीतली बारीक लव झडते. ती लव एरवी धूळ आणि जिवाणू बाहेर ढकलत असते. ती गेली की ई-कोलाय सरळ हवेच्या पिशव्यांत उतरतो, पक्षी घरघरतो, आणि दुकानदार ‘सीआरडीचा डोस’ काढून देतो. हा डोस वाचवायचा असेल तर रात्री पडदे पूर्ण बंद करण्याची सवय सोडा. पडदा वरून खाली उघडणारा हवा. वरचा फूटभर भाग थंडीतही मोकळा राहिला पाहिजे.

पाणी

भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात तालुक्यातले पाडे टँकरवर. पोल्ट्रीवालाही त्याच रांगेत असतो. त्यामुळे बोअर, विहीर, टँकर असं जे मिळेल ते पाणी शुद्ध करूनच द्यायचं.

गावात जलसुरक्षकाकडे टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि ओटी टेस्ट (पाण्यातला क्लोरीन रंगावरून तपासायची) असते. पक्ष्यांसाठीही तेच सामान चालतं. १००० लिटरच्या टाकीला ३० ते ३३ टक्के क्लोरीन असलेली टीसीएल १० ग्रॅम घ्या. ती बादलीभर पाण्यात कालवून अर्धा तास ठेवा, वरचं निवळलेलं पाणी टाकीत ओता, खालचा गाळ टाकून द्या. गाळ गेला की निपल तुंबतात. यातून टाकीत साधारण ३ पीपीएम क्लोरीन येतो. एका तासाने शेवटच्या ड्रिंकरमधलं पाणी ओटी टेस्टने बघा. टाकीपाशी पिवळं आणि शेवटच्या ड्रिंकरला रंगच नाही, म्हणजे मधल्या पाइपात शेवाळी बुळबुळ साठली आहे आणि क्लोरीन तिथेच संपतोय. जुनी, उघड्यावर ठेवलेली टीसीएल निम्मीअर्धी मेलेली असते, म्हणून ग्रॅमपेक्षा टेस्टवर विश्वास ठेवा.

पाइपातली ती बुळबुळ लॉट संपल्यावर काढायची. हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण लेबलावर सांगितलेल्या प्रमाणात लाइनमध्ये भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी जोरात फ्लश करा. शेड धुतली आणि पाइप विसरला, हे फार वेळा दिसतं.

अॅसिडिफायर पाण्यातून देणार असाल तर ‘लिटरला इतके मिली’ हा ठरलेला आकडा धरू नका. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी क्षारयुक्त असतं, ते आम्ल गिळून टाकतं. दहा लिटरच्या बादलीत थोडं थोडं मोजून घाला, पीएच पट्टीने बघा आणि ६ च्या आसपास आलं की थांबा. तेवढ्या मापाने टाकीचा हिशेब करा. ५ च्या खाली गेलं तर पक्षी पाणी कमी पितात, आणि पाणी कमी म्हणजे खाद्य कमी. पत्र्याचे ड्रिंकर असतील तर आम्लाने गंजतात. टीसीएल आणि आम्ल कधीही एका बादलीत कालवू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पिल्लं आणि पहिले सात दिवस

अँटिबायोटिकशिवायचा लॉट पहिल्या आठवड्यात जिंकला जातो किंवा हरला जातो, हे थोडं भारदस्त वाटेल, पण हिशेब साधा आहे. दिवसाचं पिल्लू ४० ग्रॅमच्या वर हवं. २० पिल्लं उलटी करून नाळ बघा. बंद, कोरडी, आजूबाजूला लाली नाही असं हवं. काळं बटण किंवा ओली नाळ असलेली पिल्लं २० मध्ये दोनपेक्षा जास्त निघाली तर ती पेटी परत करा. पहिल्या पाच दिवसांचं ते अँटिबायोटिक मुळात अशाच नाळेच्या संसर्गासाठी दिलं जातं. चांगल्या पिल्लाला ते दिलं तर आतड्यात नुकते वसू पाहणारे चांगले जिवाणूच आधी मरतात आणि जागा रिकामी होते.

५०० पिल्लांना नऊ फूट व्यासाची, दीड फूट उंचीची चिकगार्डची दोन रिंगणं करा, प्रत्येकात २५०. थंडीत पिल्लामागे २ वॅट, म्हणजे एका रिंगणात शंभर वॅटचे पाच बल्ब. पिल्लं येण्याआधी २४ तास ब्रूडर चालू हवा. हवा गरम आणि तूस गार हा फसवा प्रकार आहे. तुसावर थर्मामीटर ठेवून ३० अंश दिसले पाहिजेत, पिल्लाच्या उंचीवरची हवा ३२ ते ३४. पुढे दर आठवड्याला २-३ अंश कमी. वीज जाते हे गृहीत धरूनच चला आणि गॅस ब्रूडर तयार ठेवा. कोळशाची शेगडी ठेवलीत तर वरचे पडदे उघडे पाहिजेत, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने एका रात्रीत रिंगण रिकामं होतं.

आल्या आल्या कोमट पाणी, लिटरला ५० ग्रॅम गूळ घालून, पहिले दोन-तीन तासच. जास्त वेळ ठेवलं तर ते आंबतं आणि पिसं चिकट होतात. त्यानंतर साधं पाणी आणि खाद्य, खाद्य कागदावर पसरून.

आठ तासांनी ३० पिल्लांची गळ्याखालची अन्नपिशवी दोन बोटांत हलकेच दाबून बघा. मऊ, खिरीसारखी लागली तर पिल्लाने खाल्लंय आणि प्यायलंयही. दाणे टोचले तर पाणी मिळालेलं नाही. फुग्यासारखी लागली तर फक्त पाणीच गेलंय. रिकामी असेल तर ते थंडीने एका जागी बसून आहे. आठ तासांनी दहातली आठ भरलेली हवीत, २४ तासांनी जवळजवळ सगळी. ही परीक्षा कुठल्याही टॉनिकपेक्षा जास्त सांगते, आणि फुकट आहे.

सातव्या दिवशी ५० पिल्लं मोजा. वजन पहिल्या दिवसाच्या चौपट ते साडेचारपट हवं, म्हणजे ४२ ग्रॅमचं पिल्लू १७० ते १९० ग्रॅम. मरतूक एक टक्क्याच्या आत, ५०० मागे पाच. यात बसला नाहीत तर पुढच्या लॉटला ब्रूडर सुधारा. या लॉटमध्ये मात्र चौथ्या आठवड्यात सावध राहा, कारण मागे पडलेली पिल्लंच आधी आजारी पडतात.

लसी

लस हा अँटिबायोटिकचा सगळ्यात जुना आणि खरा पर्याय, तरी यादीत ती कुणी धरत नाही. मानमोडी आणि गंबोरो हे विषाणूचे रोग; त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही, पण ते येऊन गेले की मागून जिवाणू शिरतात. साधारण वेळापत्रक असं: ५ ते ७ व्या दिवशी मानमोडीची लस डोळ्यात थेंबाने, १२ ते १४ व्या दिवशी गंबोरोची पाण्यातून, २१ ते २८ च्या दरम्यान मानमोडीचा दुसरा डोस. तुमच्या भागातल्या रोगांप्रमाणे पशुवैद्य तारखा मागेपुढे करतील.

पाण्यातून लस देताना बहुतेक वेळा चूक एकच होते: क्लोरीन राहून जातो आणि लस टाकीतच मरते. आदल्या दिवसापासून क्लोरीन बंद करा. चौदाव्या दिवशी ५०० पक्ष्यांना थंडीत ७ ते ८ लिटर पाणी पुरतं (हजार पक्ष्यांना जितके दिवस वय तितके लिटर, असा ढोबळ नियम आहे). त्यात लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घालून वीस मिनिटं थांबा, मग लस मिसळा. आधी तास-दीड तास पाणी बंद ठेवलेलं असावं. दोन तासांत पाणी संपलं पाहिजे. पहाटे करा.

आता बाटल्या

प्रोबायोटिकमागची गोष्ट साधी आहे. गावरान पिल्लू आईमागे फिरताना तिच्या विष्ठेतून, मातीतून चांगले जिवाणू आपोआप घेतं. हॅचरीच्या पिल्लाला आई दिसतच नाही. १९७३ मध्ये फिनलंडमध्ये नुर्मी आणि रांताला यांनी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला ऐवज पिल्लांना दिला आणि साल्मोनेलाला त्यांच्या पोटात जागाच मिळाली नाही. आजची पाकिटं त्याच कल्पनेची धाकटी भावंडं आहेत.

घेताना लेबलवर जिवाणूचं नाव, ग्रॅममागे किती जिवंत (सीएफयू) आणि मुदत बघा. पेलेट (दाबलेल्या गोळ्या) किंवा क्रम्बल (त्यांचा भरडा) खाद्यात मिसळलेलं हवं असेल तर बॅसिलस जातीचं घ्या. ते बीजाणू धरून असल्यामुळे गिरणीच्या वाफेत टिकतं. लॅक्टोबॅसिलस त्या उष्णतेत मरतो, तो पाण्यातूनच द्यायचा. कधी द्यायचं? पहिले तीन दिवस, खाद्य बदलताना (साधारण १० आणि २१ व्या दिवशी) दोन-दोन दिवस, आणि नाइलाजाने अँटिबायोटिक द्यावं लागलंच तर ते संपल्यावर. त्या पाण्यात क्लोरीन नको. दुकानातून उन्हात, स्कूटरच्या डिकीत घालून आणलेलं पाकीट फेकल्यात जमा.

ताक-दही चालेल का, हा प्रश्न येतोच. त्यातलं आम्ल थोडं उपयोगी पडतं, त्यातले जिवाणू कोंबडीच्या आतड्यात वस्ती करतीलच असं नाही. निपलमध्ये तर घालूच नका, दुसऱ्या दिवशी लाइन तुंबते.

खाद्यात मिसळायच्या वस्तूंचा हिशेब एकदम करू. दोन किलोच्या पक्ष्याला सव्वातीन किलोच्या आसपास खाद्य, म्हणजे ५०० पक्ष्यांना साधारण १६०० किलो. यीस्टच्या भित्तिकेपासूनचं एमओएस (वाईट जिवाणूंना आतड्याला चिकटू न देणारी साखर) टनाला १ किलो धरलं तर लॉटला १.६ किलो. सेंद्रिय आम्लांचं मिश्रण टनाला २ किलो, म्हणजे ३.२ किलो. हळद टनाला ५ किलो, म्हणजे ८ किलो. पाण्यातून आम्ल देत असाल तर खाद्यातलं सोडा, दोन्हीकडून नको.

हळद हळकुंडं आणून दळून घ्या. सुट्या पुडीत रंगासाठी लेड क्रोमेटची भेसळ होते आणि ते शिसं पक्ष्याच्या यकृतात जातं. ओव्याबद्दल लोकांना कौतुक कमी आहे, खरं तर परदेशी ‘थाइम ऑइल’च्या महागड्या बाटलीत जो थायमॉल असतो तोच ओव्याच्या तेलातही मुख्य घटक आहे. टनाला २ ते ३ किलो भरडलेला ओवा पुरे. लसूण चालतो, पण जास्त झाला तर पक्षी खाद्य कमी खातात. या सगळ्याचं काम आतडं ठाकठीक ठेवणं एवढंच. आजारी पडलेल्या पक्ष्याला हळद देऊन बसलात तर दोन दिवस फुकट जातात, आणि त्या दोन दिवसांतच शेड रिकामी होते.

मिसळायची रीत महत्त्वाची. अर्धा किलो हळद १०० किलो खाद्यात एकदम ओतायची नाही. आधी दोन किलो खाद्यात, ते दहा किलोत, मग बाकीच्यात. क्रम्बल किंवा पेलेटला पूड चिकटत नाही, ती फीडरच्या तळाशी साचते आणि शेवटी आलेला अशक्त पक्षी फक्त हळदच खातो. पुडी मिसळायच्या असतील तर मॅश खाद्य घ्या.

मक्याची बुरशी मात्र हे सगळं धुऊन टाकते. तिच्या विषाने, म्हणजे अफ्लाटॉक्सिनने, प्रतिकारशक्ती बसते आणि लसही धरत नाही. १३ टक्क्यांपेक्षा ओला मका नको. पोती लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून सहा इंच आणि भिंतीपासून फूटभर दूर. पावसाळ्यात १५ दिवसांपुरतंच खाद्य आणा. गोळे झालेलं पोतं फोडून उन्हात वाळवून वापरू नका. बुरशी मरते, विष राहतं.

बाहेरून येणारं

पायधुणीचा ट्रे उघड्यावर ठेवला तर पावसाने पातळ होतो, चिखल पडला की निकामी. त्यापेक्षा शेडच्या आत वापरायच्या चपला वेगळ्या ठेवणं सोपं आणि जास्त खात्रीचं. दाराशी एक फळी आडवी टाका. अलीकडे बाहेरच्या चपला, पलीकडे आतल्या.

सगळ्यात मोठा धोका लिफ्टिंगच्या, म्हणजे विकलेले पक्षी उचलण्याच्या, दिवशी येतो. व्यापाऱ्याचा टेम्पो सकाळपासून चार शेड फिरून आलेला असतो, क्रेटला वाळलेली विष्ठा चिकटलेली असते. निम्मे पक्षी आज, निम्मे आठवड्याने असं केलंत तर मागे राहिलेल्यांना तो सगळा प्रसाद मिळतो. लॉट एका दिवसात उचला. जमत नसेल तर क्रेट आत येऊ देऊ नका, पक्षी दारापर्यंत तुमच्या माणसांनी आणून द्यावेत. घरच्या चार गावरान कोंबड्या शेडभोवती हिंडत असतील तर त्यांनाही बंद करा, नातं कितीही जुनं असलं तरी.

रोग आलाच तर

वहीत रोज पाच गोष्टी: मेलेले, खाद्य, पाणी, दुपारचं तापमान, तुसाची मूठ. पाणी हा सगळ्यात आधी बोलणारा आकडा आहे. आदल्या दिवसापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घसरलं आणि ऊन कमी झालेलं नाही, तर काहीतरी शिजतंय. ५०० पक्ष्यांत सलग दोन दिवस तीनपेक्षा जास्त मेले तर पशुवैद्याला बोलवा.

तुसावर तांबूस, रक्तमिश्रित विष्ठा दिसली तर कोक्सिडिओसिस. त्यावरचं अॅम्प्रोलियम अँटिबायोटिक नाही. ते बी-१ जीवनसत्त्वासारखं दिसून कोक्सिडियाला फसवतं आणि उपाशी ठेवतं. म्हणून ते चालू असताना बी-१ असलेलं टॉनिक द्यायचं नाही, नाहीतर परजीवीलाच जेवण मिळतं. त्याच वेळी ओलं तूस काढा. कोक्सिडियाने सोललेल्या आतड्यावर क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू बसतो आणि नेक्रोटिक एन्टरायटिस (आतडं सडवणारा रोग) होतो. आतडं उघडलं की आतून टर्किश टॉवेलसारखं खरखरीत दिसतं. वाढीसाठीची अँटिबायोटिक्स काढल्यावर युरोपातही हाच रोग आधी डोकं वर काढून उभा राहिला.

निदानासाठी दोन-तीन आजारी किंवा नुकतेच मेलेले पक्षी दुहेरी पिशवीत, बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पोचवा: तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, किंवा त्यांच्या सल्ल्याने परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात. फ्रीझरमध्ये ठेवू नका, गोठलं की पेशी फुटतात आणि शवविच्छेदनात काही कळत नाही. जिवाणू निघाला तर कुठलं औषध त्याला लागू पडतं ही चाचणी मागा.

एकाएकी झुबक्याने पक्षी मेले, तुरे निळे पडले, तर हात न लावता लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवा. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला तेव्हा आसपासच्या शेडमधले हजारो पक्षी नष्ट करावे लागले. तिथे ना अँटिबायोटिक कामाचं, ना त्याचा पर्याय.

आणि जिवाणूचा रोग ठरलाच, पशुवैद्याने अँटिबायोटिक लिहून दिलं, तर द्या. पूर्ण दिवस, पूर्ण मात्रेत. नाव राखण्यासाठी पक्ष्यांना तडफडू देणं हा अडाणीपणा आहे. फक्त तो लॉट साधा म्हणून विका आणि औषधाच्या लेबलवर लिहिलेले दिवस थांबा. लेबलवर काहीच लिहिलेलं नसेल तर आपल्याकडच्या औषध नियमांप्रमाणे मांसासाठी किमान २८ दिवस, अंड्यांसाठी ७ दिवस. ३५-४० दिवसांत विकल्या जाणाऱ्या ब्रॉयलरला २८ दिवस म्हणजे सातव्या ते बाराव्या दिवसानंतर दिलेलं असं औषध विक्रीच्या तारखेवरच बसतं, हे आधीच मोजून ठेवा.

विकताना

‘अवशेष नाहीत’ आणि ‘दिलंच नाही’ ह्या दोन वेगळ्या गोष्टी. औषध देऊन योग्य दिवस थांबलेल्या पक्ष्याच्या मांसातही अवशेष मर्यादेच्या आत असू शकतात. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या सोसायटीत ‘अँटिबायोटिक-फ्री’ म्हणून विकायचं असेल तर वही, खाद्याची बिलं आणि औषधांची बिलं लॉटनुसार एकत्र ठेवा. पहिल्या लॉटला पाकिटावर काहीही छापू नका. गिऱ्हाईक विचारेल तेव्हा वही उघडून दाखवा. भाव ठरवताना जागेचा सव्वापट हिशेब, तुसाचा जादा खर्च आणि दोन-तीन दिवस जास्त लागणारं खाद्य धरा; हळदीचे आठ किलो त्यात कुठेच दिसणार नाहीत.